चिलखताची कडी आणि विजेची दिशा

प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. लोखंडाचा पत्रा अंगाबरोबर वळत नाही. त्याच लोखंडाची कडी एकमेकांत ओवली, की ती वळते आणि वारही अडविते. द्रव्याच्या गुणांत घडणीचे गुण मिळतात, हे कारागिरांना ठाऊक होते. चुंबकक्षेत्रातील विजेच्या बाबतीत मात्र ही गोष्ट सिद्ध व्हावयास फार काळ लागला.

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने १८७९ साली काचेवरील सोन्याच्या वर्खातून वीज खेळविली आणि तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरला. तेव्हा प्रवाहाच्या आडव्या दिशेस अल्पसा विद्युद्दाब आढळला. पुढे काही धातूंत हा दाब उलट दिशेचा निघाला. १८९७ साली जे. जे. टॉमसन यांच्या प्रयोगांनी इलेक्ट्रॉन उजेडात आला. तो तर ऋणभारित. मग दाब उलटा का? १९२९ मध्ये रूडोल्फ पायर्ल्स यांनी उलगडा केला: जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातील रिकाम्या जागा धनभारासारख्या वागतात. तेव्हापासून दाबाची दिशा पाहावी आणि वाहकाचा भार सांगावा, असा दंडक पडला.

घडणीच्या सामर्थ्याची चुणूक भारतात आधीच दिसली होती. जगदीशचंद्र बसूंनी १८९८ साली तागाच्या पिळलेल्या जुड्या विद्युत्तरंगांच्या वाटेत ठेवल्या. पीळ उजवा की डावा, यावर तरंगांचे कंपनप्रतल कोणीकडे वळेल हे ठरले.

२००९ साली मार्क ब्रियान आणि ग्रेम मिल्टन यांनी गणिताने दाखविले, की चिलखतासारख्या त्रिमिती जाळीत हॉलचा दाब उलटविता येतो. २०१७ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे केर्न, कादिक आणि वेगेनर यांनी अशी जाळी घडविली. लेसरने बहुवारिकाची सूक्ष्म कडी तयार करून त्यांवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढविला. त्यातील वाहक इलेक्ट्रॉनच. तरीही मोजलेला दाब धनभाराचा भरला! प्रत्येक कड्यातील दाब नेहमीच्याच दिशेचा असतो. परंतु ओवलेले शेजारचे कडे तो उलट बाजूने उचलते, आणि बेरीज उलटी होते.

एकसंध पदार्थांपुरता जुना दंडक आजही चालतो. घडविलेल्या पदार्थात मात्र हॉलची साक्ष ऐकण्यापूर्वी कडी कशी ओवली आहेत, ही चौकशी आधी केली पाहिजे.