पेवातला गारवा

परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावात एखाद्या नवशिक्याने लागर बिअर आंबवायला घेतली आणि ती बिघडली, तर चूक त्याच्या हातात शोधण्याआधी पायाखालच्या जमिनीत शोधावी. सातूला मोड आणून वाळवणे, भरडून कढत पाण्यात त्याचा गोडवा उतरवणे, हॉपची फुले घालून उकळणे, हे सगळे शिकून येते. पुढचे काम यीस्टचे असते. लागरच्या यीस्टला आठवडा-दोन आठवडे 9 ते 13 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्यानंतर पेय शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरावे लागते. पंचविशी-तिशीत हेच यीस्ट भराभर धावते, फळांसारखे वास आणि जड अल्कोहोले मागे सोडते, आणि लागरची म्हणून जी स्वच्छ चव, ती हातची जाते. मराठवाड्यात लागर घडली नाही, त्यावरून इथल्या माणसांना आंबवण्याचे शास्त्र कळत नव्हते असा निष्कर्ष काढला जातो. तो मला साफ चुकीचा वाटतो. लागर जिथे जन्मली तिथली जमीनच थंड होती, आणि ही थंडी कोणाच्या कसबातून आलेली नव्हती.

बव्हेरियाचा इतिहास हेच सांगतो. 1553 मध्ये तिथल्या ड्यूक पाचव्या आल्ब्रेख्टने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर गाळायला बंदी केली, कारण उन्हाळ्यात ती नासत असे. म्हणजे ज्या देशाचा उन्हाळा आपल्या मार्गशीर्षातल्या दुपारपेक्षा फारसा कडक नाही, त्यानेही उष्णतेपुढे हात टेकले होते. मग हिवाळ्यात बनवलेली बिअर तळघरात, तळ्यांवरून कापून आणलेल्या बर्फाच्या सोबतीने, उन्हाळाभर साठवली जाई. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवणे. नावच साठवणुकीचे आहे. अशा तळघरांत पिढ्यानपिढ्या थंडी सोसणारे यीस्ट निवडले गेले. 1845 मध्ये कोपनहेगनच्या याकोबसेन या बिअर कारखानदाराने म्युनिकहून हे यीस्ट घोडागाडीने नेले, तेव्हा प्रत्येक थांब्यावर त्याला डब्यावर गार पाणी ओतावे लागले. तिथेही थंडी वाटेत सुटू द्यायची नव्हती.

यावर परभणीचा माणूस लगेच म्हणेल की थंडी आमच्याकडेही आहे. खरेच आहे. डिसेंबर 2018 च्या अखेरीस परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता. पण ती पहाटेची थंडी. दुपारी ऊन चढते आणि त्याच दिवसात वीस-वीस अंशांचा फरक पडतो. यीस्टला असा चढउतार नुसत्या उष्णतेइतकाच जाचतो. मग पेय जमिनीत पुरून ठेवावे का? आपल्याकडे धान्याची पेवे होतीच. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार अजून जिभेवर आहे. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण बव्हेरियाचे तळघर आणि मराठवाड्याचे पेव यांचे तत्त्व एकच आहे. काही मीटर खोल गेले की दिवसाचा आणि ऋतूचा फरक विरतो आणि माती त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानावर स्थिरावते. म्युनिकची ही सरासरी नऊ अंशांच्या आसपास, परभणीची पंचवीसच्या पुढे. पेव स्थिरता देते, पण पंचविशीतली. राहिला रांजण. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या वाऱ्यात पाझरणारे मडके दहा-पंधरा अंशांनी गार होते हे खरे, पण चाळिसातून पंधरा वजा केले तरी पंचवीसच उरतात. श्रावणात हवा ओली झाली की तेवढेही होत नाही.

म्हणून इथल्या लोकांनी उष्णतेशी भांडण न करता तिच्या वेगाचा उपयोग केला. शिंदीच्या झाडाला रात्री लावलेले गाडगे पहाटे उतरवायचे. सूर्य वर येण्याआधी गोड रस, दुपारपर्यंत फेसाळ आणि मादक, दुसऱ्या दिवशी आंबट. ही वस्तू साठवण्यासाठी नव्हतीच. मोहाची फुले चैत्रात पडतात आणि त्यांचा सडवा त्या उकाड्यात काही दिवसांत तयार होतो. तो टिकत नाही, म्हणून भट्टीवर चढवून त्याचा अर्क काढायचा. आणि ज्वारीचे पीठ ताकात कालवून केलेली आंबील आंबटपणानेच राखली जाते. वेळ अमावस्येला ती शेतात मडक्यांतून जाते. पण स्थिर तापमानाची जाणही होतीच. आयुर्वेदातले आसव-अरिष्टांचे घट धान्याच्या राशीत पुरून ठेवायला सांगितले आहेत, धायटीची फुले घालून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा अधिकारी आहे आणि किण्वाची, म्हणजे आंबवण्याच्या विरजणाची, कृतीही आहे. धान्याच्या राशीत घट पुरणाऱ्याला तापमानाचे महत्त्व कळत नव्हते, असे कसे म्हणायचे?

लागर सर्वत्र गेली ती यंत्राने. 1870 च्या दशकात कार्ल फोन लिंडेची शीतयंत्रे म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात आली, 1883 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळे केले, आणि तळघराची गरज संपली. त्याआधी इंग्रजांनी हिंदुस्थानात बिअर काढायला कसौलीसारखी डोंगरमाथ्याची गावे निवडली होती. आता बोरीतही फ्रीजला तापमान नियंत्रक जोडून लागर जमेल, मात्र परवान्याशिवाय घरी मद्य बनवणे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे नवशिक्याने आधी लक्षात घ्यावे. काही जण नॉर्वेच्या ‘क्वाइक’ यीस्टचा दाखला देतात. ते पस्तीस अंशांतही स्वच्छ आंबवते. पण ते लागरचे यीस्ट नव्हे. ते वापरणे म्हणजे शिंदीवाल्याचीच वाट धरणे, आणि मला तीच शहाणपणाची वाटते.

कारण यंत्राच्या थंडीलाही हवामानाचा हिशेब चुकत नाही. वीज आणि पाणी दोन्ही लागते. एका लिटर बिअरमागे कित्येक लिटर पाणी खर्च होते, आणि मराठवाड्यातले बिअरचे मोठे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचे औरंगाबाद) जायकवाडीच्या पाण्यावर उभे आहेत. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी येत होते.