हिच्या उंचीचा निवारा

निवृत्त माणसाला एखादा छंद हवा, असं सगळे म्हणतात. म्हणणारे अजून नोकरीत असतात. मी ब्लॅकपूलच्या समुद्रकाठचा जुना निवारा पुठ्ठ्यातून उभा करायला घेतला, तेव्हा ही एवढंच म्हणाली, "त्यापेक्षा बाल्कनीचं दार आधी नीट करा. पाणी आत येतं."

इंग्लंडातलं हे ब्लॅकपूल आम्ही १९८४ साली पाहिलं. भाच्याकडे गेलो होतो, त्यानं एक दिवस तिकडे नेलं. पाऊस, वारा आणि थंडी तिन्ही एकाच तिकिटात मिळाली. धावत निवाऱ्यात शिरलो. ओतीव लोखंडाचे खांब, वर छप्पर, मध्ये काचेच्या आडभिंती आणि त्यांच्या सगळ्या बाजूंना बाकं. वारा पश्चिमेचा असला तर पूर्वेच्या बाकावर बसायचं. समुद्र पाहायला यावं आणि समुद्राकडे पाठ करून बसावं, याची इतकी पक्की सोय इंग्रजच करू जाणे!

तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे वाचलं तेव्हा ओशाळलो. ब्लॅकपूलला आगगाडी पोचली १८४६ साली. लँकेशायरच्या कापडगिरण्या वर्षातून काही दिवस बंद राहत. त्या 'वेक्स वीक'मध्ये गावंच्या गावं इथे लोटत. आपल्या मुंबईचा गिरणीकामगार शिमग्याला, गणपतीला कोकणात स्वतःच्या घरी जाई. हे बिचारे भाड्याच्या खोलीत उतरत, आणि घरमालकीण बहुधा न्याहारीनंतर बाहेर काढी, ती जेवणवेळेपर्यंत. पाऊस असो, नसो. मग जायचं कुठे? निवाऱ्यात.

माझं भांडवल तीन फोटोंचं. दोन जुनी पोस्टकार्डं आणि तिसरा मी काढलेला. पोस्टकार्डांवरून रंग ठरवावा, तर एकात छप्पर हिरवं, दुसऱ्यात तांबडं. हे रंग छापखान्यात चढवत. चढवणाऱ्यानं समुद्र पाहिलेलाच असेल असं नाही. मूळ काळ्या-पांढऱ्या फोटोवरही भिस्त नाही. त्या काळच्या काचा तांबडा रंग पकडतच नसत. तांबडं काळं दिसे आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे खांब काळा दिसला तरी तो तांबडा नसेलच, असं छातीठोक सांगता येत नाही.

मापांसाठी मात्र तिसरा फोटो होता. त्यात ही खांबाला अगदी टेकून उभी आहे. साडीवर स्वेटर आणि चेहऱ्यावर माझ्याविषयीचं मत. खांब बरोबर हिच्या दीडपट भरला.

"तुझी उंची किती गं?"

"पाच फूट दोन इंच."

म्हणजे खांब सात फूट नऊ इंच. फुटाला इंच धरून सगळे खांब कापले. छप्पर काही बसेना. शेवटी हिला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीनं खूण केली. चार फूट अकरा! ब्लॅकपूलचा खांब क्षणात साडेचार इंचांनी खचला.

"लग्न ठरवताना पाच दोनच सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा कुठे मोजलंत?"

पुढचं कोडं मागच्या बाजूचं. समुद्राकडे पाठ केलेलं बाक एकाही फोटोत नाही. मी आपला अंदाजानं बाकाला मधोमध लोखंडी हात बसवला. हिनं चष्मा लावून पाहिलं. हल्ली चष्मा कुठे ठेवला ते तिला आठवत नाही, पण म्हणाली, "इथे हात नव्हता. याच बाकावर बसलो होतो आपण. मी कुडकुडत होते, तर शेजारच्या म्हातारीनं स्वतःच्या मांडीवरची घोंगडी अर्धी माझ्यावर ओढली. मध्ये हात असता तर ती पुरली असती का?"

मला म्हातारी आठवत नव्हती. मी बहुधा कॅमेरा पुसत होतो.

मुकाट्यानं कात्री घेतली आणि दोन्ही हात कापून टाकले. बाल्कनीचं दार उद्या बघतो.