ओवऱ्या आठ, पोढी दोन : गांधारपाल्याच्या कुमाराचा दानलेख

सावित्रीच्या खोऱ्यात सव गाव गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे माहीत असते, महाड चवदार तळ्यामुळे. महाडपासून तीनेक किलोमीटरवर, गांधारी नदीकाठच्या पाले गावाच्या डोंगरात कोरलेली लेणी मात्र बहुतेकांना मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना, गाडीच्या खिडकीतूनच दिसतात. या गांधारपाले लेण्यांत ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला एक छोटा लेख आहे. अक्षरांच्या वळणावरून तो साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला मानतात. लेख एका राजपुत्राचा आहे: कुमार काणभोअ व्हेणुपालित. 'व्हेणु' म्हणजे विष्णू. विष्णूने रक्षिलेला हा कुमार बौद्ध भिक्षूंना लेणे देतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्याला किंवा लेख कोरणाऱ्याला वाटलेले दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी हा लेख वाचावा असे आम्हांला वाटते ते त्याच्या शब्दांसाठी. राजपुत्राने काय दिले? लेण, चेतियघर, आठ ओवरक, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या पोढी, तिथवर जायची वाट. संख्या आधी अक्षरांत आणि मग अंकांत, आपण आज धनादेशावर लिहितो तशा. पोढींची संख्या 'बे'. पाढ्यातल्या 'बे एके बे'मध्ये आपण तोच शब्द म्हणतो. एरवी तो आपल्या बोलण्यातून गेला. 'ओवरक' देवळाच्या आवारात 'ओवरी' होऊन राहिला, 'लेण' तर जवळजवळ जसाच्या तसा. शेवटी सगळ्यांना मिळून एक नाव: देयधम, म्हणजे पुण्यासाठी दिलेले दान.

राजकुळातल्या माणसाने पवित्र वास्तू बांधावी आणि तिच्यावर आपले नाव घालावे ही चाल या कुमाराहून सव्वादोन हजार वर्षांनी जुनी आहे. दक्षिण इराकमधल्या तेल्लो येथे, म्हणजे प्राचीन गिर्सू नगरात, १८७७ पासून फ्रेंचांनी उत्खनन केले. तिथे लगाशचा अधिपती गुडेआ याचे असंख्य मृत्तिकाशंकू मिळाले. भाजलेल्या मातीचे, खिळ्याच्या आकाराचे, हातात मावणारे हे शंकू. त्यांवरचा सुमेरी मजकूर ठराविक आहे: एन्लिलचा पराक्रमी योद्धा निंगिर्सू याच्यासाठी गुडेआने एनिन्नू मंदिर बांधले आणि पूर्वस्थितीला आणले. शंकूमागून शंकू, तोच मजकूर.

हे शंकू कोणी वाचावेत म्हणून नव्हते, निदान येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावेत म्हणून तरी नव्हतेच. ते भिंतीच्या आत ठोकले जात. पायाखाली राजाच्या धातूच्या लहान मूर्तीही पुरत; त्यांतल्या काहींत राजा डोक्यावर मातीची पाटी घेतलेला मजूर असतो. वाचक होता देव, आणि पुढे कधी भिंत पडली तर ती पुन्हा बांधणारा राजा. असा वाचक खरोखर आलाही. बाबिलोनचा नबोनिडस (इ.स.पू. ५५६-५३९) याने सिप्पारच्या सूर्यमंदिराचा पाया खणून नराम-सिनचा लेख शोधला आणि तो ३२०० वर्षांनी सापडला असे अभिमानाने लिहून ठेवले. अंतर प्रत्यक्षात सुमारे १७०० वर्षांचे होते. पूर्वजांचे वय वाढवण्याची हौस तेव्हाही होतीच.

आम्हांला फरक दिसतो तो इथे. गुडेआच्या मजकुरात देव आहे, राजा आहे, मंदिराचे गौरवनाम आहे. खोल्या किती, पाणी कुठे, हे नाही. काणभोअच्या लेखात स्तुती नाही आणि मोजदाद आहे. तो उघड्या दगडावर आहे. जिथे भिक्षू पावसाळ्याचे महिने काढणार, तिथे काय काय दिले याचा तो हिशेब आहे. कोकणात पाऊस उदंड, पण डोंगरातल्या माणसाला उन्हाळ्यात प्यायला काय, हा प्रश्न खरा. म्हणून राजपुत्राच्या दानात पोढींना वेगळी जागा आहे. याच महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंना तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे जवळ ठेवून तो 'बे' हा आकडा वाचला की तो नुसता भाषाशास्त्राचा नमुना राहत नाही.

ठराविक मजकुराला मात्र कमी लेखू नये. २००३ मध्ये लंडनमध्ये एका विक्रेत्याकडून पोलिसांनी काही पुरावस्तू जप्त केल्या. त्या कुठल्या याची कागदपत्रे नव्हती. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या अभ्यासकांनी त्यांतले शंकू पाहिले. त्यांवर गुडेआ, निंगिर्सू आणि एनिन्नू ही नावे होती, म्हणजे कोणत्या मंदिराच्या भिंतीतले ते मजकूरच सांगत होता. २०१८ मध्ये ते इराकला परत गेले. जे वाक्य विद्यार्थी कंटाळून ओलांडतो, त्याच वाक्याने वस्तूला घर मिळवून दिले. गांधारपाल्याचा लेख कोणी असा उचलून नेणार नाही. त्याला धोका आहे तो पावसाचा आणि आपल्या दुर्लक्षाचा. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ मध्ये पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले, त्यात तो आहे. दगडावर तो झिजेल तसतसा हा जुना कागदच त्याचा मोठा आधार होत जाईल.

राजांच्या नावांसाठी लेख वाचायची आपली सवय आहे, आणि तिच्यामुळे शेजारचे लोक निसटतात. गांधारपाल्यातच दुसरा दानलेख गृहपतीच्या घरातला आहे. त्यात लेण्याबरोबर शेतही दिलेले आहे. राजपुरीच्या खाडीजवळ कुडा लेण्यांत महाभोज मांदव स्कंदपालिताचे नाव येते, पण दान त्याचे नाही. ते त्याच्या पदरी असलेल्या शिवभूतीचे आहे, आणि शिवभूतीचा व्यवसाय लेखात स्पष्ट दिला आहे: लेखक. गुडेआचे शंकू ज्यांनी लिहिले त्यांनी त्यांवर स्वतःचे नाव कुठेच घातले नाही. शिवभूतीने धन्याचे नाव लिहिले, धन्याच्या आईचे लिहिले, मग आपल्या वडिलांचे आणि आईचे, आणि दान आपण पत्नी नंदेसह देत आहोत, हेही.