शोर बाजारातली एक ओळ

आधी बूट झटका. बर्फाचा चिखल गालिच्यावर आणलात तर चहावाला पोऱ्या ओरडेल.

काबूलचा शोर बाजार. साल 1916च्या आसपासचं. इथे चहाच्या दुकानाला समावारच म्हणतात. कोपर मारूनच आत शिरा, दुसरा मार्ग नाही. मेंढीच्या कातडीचे ओले कोट गालाला घासतात, उग्र वास मारतात. त्यात वेलदोडा, कोळसा, चिलमीचा धूर. डोळे चुरचुरले ना? चुरचुरू द्या. पेला काठावर धरा, भाजेल. आणि ती किटली बघा: फुटलेली, पण तारेचे टाके घालून सांधलेली. चांगली वस्तू इथे कोणी सहज टाकत नाही.

एकदम गलका उतरतो. कोपऱ्यातल्या कारकुनाने कोटाच्या आतून घडी घातलेला कागद काढलाय. ‘सिराज-उल-अखबार’, महमूद तर्झींचं पाक्षिक. वाचता येणारे इथे दोघे-तिघेच. म्हणून तो मोठ्याने वाचतो आणि बाकीचे पुढे सरकतात. तुमच्या पाठीत कुणाचा तरी गुडघा रुततोय.

फारसी येत नाही म्हणून बुजू नका, कान द्या. कागद, बाजार, गाफील हे शब्द तुमच्या घरचेच. ‘वतन’ ऐकून तुम्हाला पाटलाची इनामजमीन आठवेल. इथे वतन म्हणजे मायदेश. तो शब्द आला की शेजारच्या म्हाताऱ्याची बोटं पेल्याभोवती घट्ट होतात.

तो वाचतोय ती कविता आहे. चाल गझलेचीच, कानात मुरलेली. पण गुलाब-बुलबुल कुठे गेले? त्यांच्या जागी शाळा, कोळसा, रेल्वे आणि गाढ झोपलेला देश. इंग्रजांचं नाव नाही, देशाच्या राजाचं, अमिराचं तर नाहीच. तरी झोपलंय कोण, हे पोऱ्यालाही कळलंय. तर्झींचा स्वातंत्र्यावरचा उघड लेख अमिराच्या हुकमाने अडवला गेला. या ओळी मात्र यमकाच्या आधाराने माणसांच्या जिभेवर जाऊन बसतात. तिथून त्या कोण उपटणार?

आणि कवींची टोपणनावं ऐका. अब्दुल रहमान लुदीन स्वतःला ‘किब्रीत’ म्हणवतो, म्हणजे आगकाडी. अब्दुल हादी दावी झाला ‘परेशान’. दोघेही विशीतले. दोघांच्याही नशिबी तुरुंग आहे, आणि आगकाडीला तर 1930 मध्ये ठार मारतील. हे या खोलीत फक्त तुम्हाला माहीत आहे. आज बोलू नका. आज या लोकांना ऐकू द्या.

“पुन्हा!” म्हातारा म्हणतो. कारकून शेवटची ओळ पुन्हा वाचतो, घडी कोटात सारतो. गलका परत वर चढतो.

पोऱ्या रिकाम्या किटल्या गोळा करतोय, ओठ हलतायत. तीच ओळ, पण एक शब्द चुकलाय. म्हातारा त्याचं मनगट धरतो, शब्द नीट सांगतो, आणि त्याने तो बरोबर म्हणेपर्यंत सोडत नाही.