२५ मार्च : लंडनमधला नवा आखाडा

२०१२ : लंडनच्या इझलिंग्टन भागातील ‘द गॅराज’ या संगीताच्या सभागृहात ‘प्रोग्रेस रेसलिंग’ या व्यावसायिक कुस्ती-संस्थेचा पहिला कार्यक्रम झाला. विनोदवीर जिम स्मॉलमन आणि कलाकारांचे एजंट जॉन ब्रायली या कुस्तीवेड्या जोडीने तो भरवला. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने १९८८ मध्ये शनिवारच्या कुस्त्या बंद केल्यापासून ब्रिटिश रेसलिंगला उतरती कळा लागली होती. अशा काळात टीव्हीच्या आधाराशिवाय उभे राहणे ही मोठीच हिंमत. पहिला विजेता नेथन क्रूझ. त्याला पट्ट्याऐवजी मानाची काठी मिळाली, आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा मिळते तशी. स्मॉलमन स्वतः रिंगमध्ये उभे राहून निवेदन करीत, प्रत्येक कार्यक्रमाला ‘चॅप्टर’ म्हणत. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘चॅप्टर ७६’ला वेम्बलीच्या अरीनात ४,७५० प्रेक्षक जमले.