अल-सलाम बोकाचिओ 98 : लाल समुद्रातील जहाज दुर्घटना आणि बदललेले नियम

'अल-सलाम बोकाचिओ 98' हे प्रवासी जहाज 3 फेब्रुवारी 2006 रोजी मध्यरात्रीनंतर लाल समुद्रात बुडाले. जहाजावर सुमारे 1,400 माणसे होती. त्यांपैकी 1,000 हून अधिक मृत्युमुखी पडली, 400 पेक्षाही कमी वाचली. जहाज सौदी अरेबियाच्या दुबा बंदरातून इजिप्तच्या सफागा बंदराकडे निघाले होते. बहुतेक प्रवासी सौदीत कामधंदा करणारे इजिप्शियन होते. त्या वर्षीचा हज जानेवारीत झाला होता, त्यामुळे हज करून घरी परतणारेही त्यांत होते.

जहाज कसे होते?

हे जहाज 1970 साली इटलीत बांधले गेले. 1991 मध्ये जास्त प्रवासी बसावेत म्हणून त्याचे वरचे मजले वाढवले. 1999 मध्ये ते इजिप्तच्या अल-सलाम कंपनीकडे आले, पण झेंडा पनामाचा होता. ते 'रो-रो' जातीचे, म्हणजे ट्रक आणि मोटारी थेट आत चालवत नेता येतील असे. अशा जहाजात गाड्यांचा मजला एका लांबलचक हॉलसारखा मोकळा असतो, मध्ये भिंती नसतात. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका.

आग लागली, बुडवले पाण्याने

निघाल्यावर काही तासांतच गाड्यांच्या मजल्यावर आग लागली. मागे वळून दुबा गाठण्याऐवजी जहाज सफागाच्या दिशेनेच पुढे जात राहिले. खलाशी पाइपने पाणी मारत होते. ते पाणी समुद्रात जाण्यासाठी असलेली भोके कचऱ्याने तुंबली आणि पाणी मजल्यावरच साठले.

परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात जराशी कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि ती बाजू आणखी खाली जाते. जहाजाचे तेच झाले. त्यात वारा जोराचा. आधी ते एका बाजूला झुकले, मग उलटले. वाचलेल्या काही प्रवाशांनी पुढे सांगितले की, धूर पाहून त्यांनी लाइफ जॅकेट घातली होती, पण कर्मचाऱ्यांनी ती काढायला लावली.

मदत उशिरा, निकालही उशिरा

जहाजावरच्या स्वयंचलित यंत्राचा धोक्याचा इशारा स्कॉटलंडमधील ब्रिटिश बचाव केंद्राला मिळाला आणि तिथून तो पुढे कळवला गेला. तरी प्रत्यक्ष मदत पोहोचायला कित्येक तास लागले. तोवर माणसे फेब्रुवारीच्या गार पाण्यात तरंगत होती. इकडे सफागा बंदरावर नातेवाईक यादीची वाट पाहत ताटकळत राहिले. संतापलेल्या जमावाने कंपनीच्या कचेरीची तोडफोड केली.

जहाजाचे मालक ममदूह इस्माईल हे इजिप्तच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य होते. ते देश सोडून ब्रिटनला गेले. जुलै 2008 मध्ये ते निर्दोष सुटले. अपिलात मात्र मार्च 2009 मध्ये त्यांना 7 वर्षांची शिक्षा सुनावली गेली, तीही त्यांच्या गैरहजेरीत.

नियम काय बदलले?

गाड्यांच्या मजल्यावरच्या पाण्याचा धोका जगाला आधीच माहीत होता. 1987 मध्ये बेल्जियमजवळ 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' उलटले, 193 जण गेले. 1994 मध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' बुडाले, 852 जण गेले. त्यानंतर युरोपने नियम कडक केले. पण जुनी जहाजे विकली जाऊन गरीब देशांच्या मार्गांवर धावतच होती.

बोकाचिओनंतर, 2008 मध्ये, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 'सोलास' करारात दुरुस्ती केली. रो-रो जहाजांवर आग विझवताना पाणी साठू नये, पाणी जाण्याच्या वाटा तुंबू नयेत, यासाठीची ही तरतूद 1 जानेवारी 2010 पासून लागू झाली.

आपल्याकडे

मुंबईहून जहाजाने हजला जाण्याची सोय 1995 पर्यंत होती. आपल्या घरांतल्या अनेक बुजुर्गांनी तो प्रवास केला आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून 600 हून अधिक माणसे गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला खबर लागायलाही कित्येक तास गेले. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून एलिफंटाला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीड बोट धडकली, 15 जण दगावले. अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्यानंतर ते सक्तीचे झाले.

उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपण मुलांना देतोच. बोटीत पाय ठेवताना तीच लागू आहे. बोट खचाखच भरली असेल तर पुढची धरा. लाइफ जॅकेट कुठे आहे ते विचारा, आधी मुलांना घाला आणि किनारा येईपर्यंत काढू नका. अल्लाह त्या सर्व मरहूम प्रवाशांची मगफिरत करो. आमीन.