नाव आणि इमान

वृत्तपत्र बंद पडले की त्याची यंत्रे विकली जातात, खिळे वितळविले जातात. परंतु त्याने संपादन केलेला विश्वास नावापाशी उरतो. वारस नसलेल्या अशा ठेवीवर पुढे कोणाचा हात पडतो, हा प्रश्न लहानसहान नव्हे.

नांदेड-लातूरच्या लोकांनी याची उलट बाजू पाहिली आहे. 1938 साली लातूरला महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन भरले; त्याच जागृतीच्या काळात आ. कृ. वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ पत्र निजामी सत्तेला खुपू लागले. सरकारने बंदी घालावी आणि तेच पत्र हद्दीबाहेरून नव्या नावाने निघावे, असा क्रम चालला. नाव गेले, तरी लिहिणारा कोण व कशासाठी लिहितो, हे वाचक ओळखून असे.

नांदेडसारख्या कापसाच्या पेठेला मँचेस्टर हे नाव कापडामुळे परिचित होते. त्या मँचेस्टरात 1828 साली आर्चिबाल्ड प्रेंटिस याने ‘मँचेस्टर टाइम्स’ हे पत्र सुरू केले. 1819 साली तेथील निःशस्त्र सभेवर घोडदळ घालण्यात आले, तेव्हा त्याची हकीकत लंडनला धाडणाऱ्यांत प्रेंटिस होता. परदेशी धान्यावरील जकात उठावी म्हणून या पत्राने झुंज दिली. पुढे विलीनीकरणे झाली, नामांतरे झाली आणि 1922 साली ते अस्तास गेले.

सत्त्याण्णव वर्षांनी, 2019 साली, ब्रुसेल्सच्या एका संशोधनसंस्थेने 65 हून अधिक देशांच्या नावे चालणारी 265 खोटी वृत्तस्थळे उघडकीस आणली. त्यांत ‘मँचेस्टर टाइम्स’ होते! जुन्या पत्राचा इतिहास त्यावर उतरून घेतला होता. गाळले होते ते पत्र बंद पडल्याचे एक वाक्य. या जाळ्याचे धागे दिल्लीतील एका उद्योगसमूहापर्यंत पोहोचत होते, आणि त्याचा मजकूर भारताच्या बाजूचा होता.

म्हणूनच हे उदाहरण आपल्याला अधिक बोचले पाहिजे. कार्य आपले वाटते म्हणून साधन शुद्ध ठरत नाही. वाघमाऱ्यांनी सत्य टिकावे म्हणून नाव सोडले. येथे असत्य खपावे म्हणून मृताचे नाव घेतले. भारतात 1867 च्या कायद्याने वृत्तपत्रावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे छापण्याचा दंडक घातला, तो वाचकाच्या हितासाठीच. मथळ्यावरचे नाव वाचून थांबू नये; तळाशी उत्तरदायी कोण, तेही पाहावे.